गिटारच्या मानेवरची टिकली

बसा, चहा घ्या, आणि आधी मला एक शब्द द्या. मी आता जे सांगणार आहे ते आमच्या सोसायटीत कोणापुढे काढायचं नाही. तसं तिथे ते सगळ्यांना माहीत आहे, कारण सगळेच्या सगळे समोर खुर्च्या टाकून बसले होते. पण जिन्यात भेटल्यावर माझा हात उलटसुलट करून बघणं त्यांनी आता कुठे बंद केलंय. तेवढं तरी टिकू दे.

माझी वाट दुसऱ्या कोणी लावली असती तर मी त्याला चार शिव्या तरी घातल्या असत्या. इथे ती मीच लावली, आणि तीसुद्धा महिनोन्महिने सराव करून.

झालं असं की माझा मावसभाऊ कॅनडाला गेला. जाताना त्याने घरातलं सामान नातेवाइकांत वाटलं. कोणाला फ्रिज मिळाला, कोणाला वॉशिंग मशीन मिळालं. मला गिटार मिळाली. आता मी विमा कंपनीत क्लेम तपासणारा माणूस. पंचेचाळिशी उलटलेली, पाठीला पट्टा, चष्म्याला जाड काच. पण फुकट आलेली वस्तू पडून राहिलेली मला बघवत नाही. म्हणून दर शनिवारी बोरिवली पूर्वेहून पूल ओलांडून आयसी कॉलनीत लोबो सरांकडे शिकायला जायला लागलो.

तुम्ही कधी गिटार मांडीवर घेऊन बसलायत का? लांबून फार सोपं दिसतं हो. पण गंमत अशी की वाजवणाऱ्याला गिटारच्या मानेचा पुढचा भाग दिसतच नाही, तो ऐकणाऱ्यांना दिसतो. वाजवणाऱ्याला दिसते फक्त मानेची वरची कड. मानेवर आडव्या पट्ट्या असतात, दोन पट्ट्यांमधल्या जागेला आम्ही घर म्हणतो, आणि बोट कुठल्या घरात पडलं यावर सगळं गाणं ठरतं. म्हणून कडेला खुणेचे बारीक ठिपके दिलेले असतात. माझ्या मावसभावाने गिटार इतकी प्रेमाने पुसली होती की ते ठिपकेही पुसले गेले होते.

त्यात माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह. वरच्या भागातून लांबचं दिसतं, खालच्या भागातून जवळचं, आणि गिटारची मान नेमकी अशा अंतरावर येते की तिथलं कुठूनच दिसत नाही. मग मी हनुवटी वर करून खाली बघायचो. वैशाली, म्हणजे माझी बायको, म्हणायची की तू गिटार वाजवतोयस की डोळ्यात औषध घालून घेतोयस?

लोबो सरांना हे बघणंच मंजूर नव्हतं. ते म्हणायचे, “देखने का नहीं, सावंत. हाथ को पूछ. हाथ को सब मालूम है.”

मला ते पटायचं. आमची आई लाइट गेलेली असताना फडताळातून जिऱ्याचा डबा काढते, मोहरीचा कधी येत नाही तिच्या हातात. पण तिचा हात तिच्याकडे आहे ना. माझ्या हाताला मी विचारलं की तो म्हणायचा, बहुतेक तिसरं घर असावं. आता बहुतेकवर क्लेमसुद्धा पास होत नाही, गाणं कुठून होणार?

मग मी एक शक्कल लढवली. वैशालीच्या पाकिटातली एक मरून टिकली घेतली आणि मानेच्या वरच्या कडेवर, दुसऱ्या घरापाशी, चिकटवून टाकली. काय सोय झाली म्हणून सांगू! अंधुक दिसेना का, लाल दिसलं की समजायचं, हेच ते घर. सरांना कळू नये म्हणून क्लासला जाताना टिकली काढून मोबाइलच्या पाठीवर लावायचो, घरी आलो की पुन्हा गिटारवर. डिंक संपला की नवी टिकली. वैशालीला वाटायचं की हल्ली पाकिटात टिकल्याच कमी भरतात.

दुसरंच घर का, ते सांगतो, कारण पुढचा सगळा गोंधळ तिथे आहे. गिटारला कॅपो नावाचा एक चिमटा लावतात. दोरीवरच्या कपड्यांना लावतो तसाच, फक्त दणकट. तो ज्या घरात लावाल तिथून सूर धरला जातो. चिमटा वर, म्हणजे वाजवणाऱ्याच्या अंगाकडे, सरकला की सगळं गाणं वर सरकतं. आणि दुसऱ्या घरात चिमटा लावला की जो सूर निघतो, तो मुग्धाचा.

मुग्धा माझी मुलगी. तिच्याबद्दल सांगताना मी जरा गंभीर होतो, चालवून घ्या. ती फार छान गाते. बाप म्हणून म्हणत नाही, बाप म्हणून मी बऱ्याच गोष्टींना नावंच ठेवतो. पण दहावीला असताना एका स्पर्धेत गाण्याच्या मध्येच तिचा आवाज फाटला. समोर भरलेलं सभागृह. ती नुसती उभी राहिली. मग हळूच माइक ठेवला आणि आत निघून गेली. त्या दिवसापासून तिने माणसांपुढे गाणं बंद केलं. घरातसुद्धा गायची ती बाथरूमचं दार लावून आणि नळ पूर्ण सोडून. आम्ही पाण्याचं बिल भरत होतो आणि गप्प बसत होतो.

एका संध्याकाळी मी गॅलरीत बसून एक जुनं भावगीत खरडत होतो. चिमटा टिकलीपाशी. आतून कोणीतरी गुणगुणायला लागलं. मी मान वर केली नाही. असं रोज व्हायला लागलं. आधी आवाज आतल्या खोलीतून यायचा, मग दारातून, आणि एक दिवस ती माझ्या शेजारी स्टुलावर येऊन बसली आणि पूर्ण गाणं गायली. मी रडलो असतो, पण मला त्या वेळी घर बदलायचं होतं, म्हणजे बोटाला.

तर दसऱ्याला आमच्या सोसायटीत कार्यक्रम असतो. सेक्रेटरी परांजपे काकांनी मुग्धाला गाशील का विचारलं. ती नाही म्हणणार म्हणून मी आधीच दुसरा विषय काढायच्या तयारीत होतो. ती म्हणाली, “बाबा बाजूला बसून वाजवणार असेल तर गाते.”

मी हो म्हटलं आणि त्या क्षणापासून माझी झोप उडाली. माझी इज्जत गेली तर गेली, त्याचं मला काही नव्हतं. ऑफिसात रोज थोडी थोडी जातेच. पण मी चुकलो आणि माझ्यामुळे तिचा आवाज पुन्हा फाटला, तर? ही पोरगी परत बाथरूमचं दार लावणार आणि या वेळी उघडणार नाही, एवढंच मला दिसायचं. जेवताना डाव्या हाताने पाण्याच्या भांड्यावर गाण्याची बोटं धरायचो. क्लेमच्या फायलींच्या कडेवर टिकली शोधायचो. वैशालीने मला दोनदा समजावलं आणि मग ज्येष्ठमध दिलं, जे खरं तर मुग्धाला द्यायला हवं होतं.

दसऱ्याच्या सकाळी आईने मला झेंडू आणायला पिटाळलं. आई मूळची कुडाळकडची. आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या सगळ्या हत्यारांची आणि अवजारांची पूजा होते, आणि आईच्या मते ज्याने माणूस काम करतो ते सगळं अवजार. मी फुलं देऊन आंघोळ करून येईपर्यंत पाटावर विळी, अडकित्ता, कात्री, वैशालीचं शिलाई मशीन, स्कूटरची चावी, माझा ऑफिसचा लॅपटॉप, असं सगळं मांडून, हळदकुंकू लावून, फुलं वाहून तयार होतं. आणि मधोमध माझी गिटार, झेंडूच्या हारात.

मी तिला वेगळा नमस्कार केला. म्हटलं, बाई गं, आज सांभाळून घे. डोळे मिटून केला नमस्कार. ते जरा उघडे ठेवले असते तर हा किस्साच झाला नसता.

संध्याकाळी हार काढला, गिटार कव्हरात घातली आणि आम्ही खाली उतरलो. पार्किंगमधल्या गाड्या हलवून तिथे स्टेज घातलं होतं. मागे पडदा म्हणून कोणाकडची तरी फुलाफुलांची चादर. आमच्या आधी लहान मुलांचा नाच होता आणि स्पीकर असा दणाणत होता की मला माझा श्वास ऐकू येत नव्हता, गिटार कुठली. चादरीमागच्या अंधारात मी कव्हर उघडलं. मुग्धा शेजारी उभी होती, तिचे हात गार पडले होते. म्हणाली, “बाबा, तू चुकणार नाहीस ना?”

मी म्हटलं, “छे, मी कसला चुकतोय!” आणि मानेकडे बघितलं. लाल दिसलं. चिमटा लावला.

आता खरं सांगतो, त्या वेळी माझा हात काहीतरी म्हणाला होता. रोज चिमटा लावताना हात सरळ लांब जायचा, आज तो कोपरात वाकून अंगाजवळच राहिला होता. पण मी त्याला म्हटलं, गप रे, खुर्ची वेगळी आहे. त्याला आयुष्यात पहिल्यांदा उत्तर बरोबर आलं होतं आणि मी ऐकलं नाही.

आम्ही स्टेजवर गेलो. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत आई, वैशाली, परांजपे काका, काकू आणि तळमजल्यावरचे डॉक्टर कर्णिक. मी तार छेडली, आणि गिटारमधून जो आवाज आला तो आमच्या गाण्याचा नव्हताच. बारीक, किरकिरा, कुठल्या कुठे चढलेला. मुग्धाने तोंड उघडलं आणि मिटलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघून हसलो, कारण दुसरं काय करणार? पुन्हा छेडली. पुन्हा तोच आवाज. ती काही गाईना. स्पर्धेत उभी राहिली होती तशीच, अगदी तशीच उभी राहिली.

मी हनुवटी वर करून चष्म्याच्या खालच्या भागातून मानेकडे बघितलं. लाल ठिपका होता. त्याच्या पुढे अजून एक लाल ठिपका होता. त्याच्या पुढे अजून एक. माझ्या गिटारला गोवर आला होता हो.

यातली माझी टिकली कुठली? चष्मा वर केला, खाली केला, काढला, पुन्हा घातला. काही कळेना. मग आठवलं, लोबो सर म्हणतात हाताला विचार. मी डोळे मिटले आणि टिकली हाताला लागते का बघायला मानेवरून बोटं फिरवायला लागलो, खाली वर, खाली वर. घाम तर असा फुटला होता की समोरचं अंधुक झालं. कपाळावरचा पुसला, नाकावरचा पुसला, कुर्त्याला हात पुसला, परत मान चाचपली. टिकली काही लागेना.

समोर कुजबुज सुरू झाली. मला वाटलं, झालं, हसायला लागले माझ्या पोरीला. आणि मग परांजपे काकूंचा आवाज आला, “अगं बाई, रक्त!”

मी डोळे उघडून रक्त कोणाला आलं ते बघायला लागलो. सगळे माझ्याकडे बघत होते. खाली बघितलं तर माझी बोटं लालभडक, कुर्त्यावर पंजा उमटलेला, आणि कपाळाचं व नाकाचं तुम्हीच समजा. आता तुम्हीच सांगा, माणसाने काय समजावं? तारा कडक असतात, बोटं कापतात, हे मी ऐकून होतो. मलाही वाटलं की आपलीच बोटं कापली, आणि काळजीच्या भरात दुखतही नाहीये. मी खरोखर पांढरा पडलो, म्हणजे जिथे लाल नव्हतो तिथे.

पुढचं सगळं एकदम झालं. डॉक्टर कर्णिक स्टेजवर चढले. ते दातांचे डॉक्टर आहेत, पण त्या गडबडीत कोणाला आठवणार? त्यांनी माझा डावा हात पकडला आणि वर, डोक्याच्या वर, उंच धरून ठेवला. रक्त खाली उतरलं पाहिजे म्हणाले. परांजपे काकूंनी पूजेच्या ताटातली हळद आणली आणि रक्त थांबायला म्हणून मूठभर माझ्या बोटांवर दाबली. हात वर असल्यामुळे निम्मी हळद माझ्या डोक्यावर पडली. आता मी पूर्ण हळदकुंकवात होतो, फक्त ओटी भरायची राहिली होती. काका माइकवरून सांगत होते, घाबरू नका, सावंतांना थोडा रक्तस्राव होतोय, कोणी गर्दी करू नका. ते ऐकून मागचे लोक पुढे आले.

आणि या सगळ्यात मला एकच गोष्ट दिसत होती. मुग्धा. ती तोंडावर हात धरून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. रडतेय बिचारी, मला वाटलं. माझ्यामुळे. मी डॉक्टरांना म्हटलं हात सोडा, मला तिच्याकडे जाऊ द्या. ते म्हणाले, हलू नका, चक्कर येईल.

तिने हात खाली घेतला. ती हसत होती. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. मग तिने परांजपे काकांच्या हातातून माइक घेतला, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि गायला लागली.

गिटार नाही, काही नाही. तिचा स्वतःचा सूर, कोणी न देता तिने धरलेला. नुसती पहिली ओळ झाली आणि पार्किंगमध्ये जे जिथे उभे होते ते तिथेच उभे राहिले. सगळं गाणं गायली पोर. जिथे तिचा आवाज फाटायची मला रोज रात्री भीती वाटायची, ती वरची जागा तिने अशी सहज घेतली की मला वाटलं, मी आजवर कशाला घाबरत होतो? मी रडलो. उघड रडलो. लोकांना वाटलं बोटं दुखतायत. टाळ्या वाजवायच्या होत्या, पण माझा एक हात डॉक्टरांकडे होता.

घरी आल्यावर वैशालीने माझा हात नळाखाली धरला. हळद गेली, लाल गेलं, आणि बोटं अखंड निघाली, साधा ओरखडाही नव्हता. डॉक्टर जाताना दोन दिवस पाणी लावू नका म्हणून सांगून गेले होते. वैशालीने नळ बंद केला आणि गिटार उचलून दिव्याखाली नेली.

“हे कुंकू आहे,” ती म्हणाली.

आई तिथेच तांदूळ निवडत होती. तिने मानही वर केली नाही. “मगे? पूजा केलंय ना सकाळी. पाच बोटां लावलंय सारकी.”

“आणि माझी टिकली?” मी विचारलं.

“ती मी नखान खरवडून काढलंय. ही बायो आरशार चिकटवता, नळार चिकटवता, आता तुझ्या वाद्यार. देवापुढे असा ठेवतत?”

बघा आता. आईची समजूत अशी, की बाथरूमच्या आरशावर जशा वैशालीच्या टिकल्या असतात तशीच ही एक. वापरलेली टिकली पूजेला चालत नाही, म्हणून तिने ती काढली, ओल्या फडक्याने जागा स्वच्छ पुसली आणि भक्तिभावाने तिच्या मनाला येईल तिथे कुंकू लावलं. यात तिचं काय चुकलं? काही नाही. वैशालीचं तर त्याहून काही नाही. पण ती गिटार खाली ठेवून माझ्याकडे वळली.

“आई मला आरशावरून बोलतात ते मी ऐकून घेते,” ती म्हणाली. “पण माझी टिकली गिटारवर कशी गेली?”

मग मला सगळं सांगावं लागलं. टिकलीचं, सरांपासून लपवायचं, मोबाइलच्या पाठीचं. सांगताना मला वाटत होतं की हे इतकंही वाईट ऐकू येणार नाही, पण ते आलं. आई निवडायची थांबली. वैशालीने टिकल्यांचं पाकीट उचलून कपाटात कुलपात ठेवलं.

एवढ्यात परांजपे काका आले, माझी तब्येत बघायला. मी हात मागे घेतला. पण ते खरे आले होते मुग्धासाठी. काय गायलीस पोरी, वगैरे बरंच बोलले आणि म्हणाले कोजागिरीला गच्चीवर पुन्हा गायचं. ती लगेच हो म्हणाली. नळाचं नाव नाही, दाराचं नाव नाही. आणि वर म्हणाली, “पण काका, बाबा बाजूला हवाच. त्याच्याशिवाय नाही गाणार.”

खोटं कशाला बोलू, माझा ऊर भरून आला. इतकं सगळं झालं, तरी पोरीला बाप बाजूला हवा. काका गेल्यावर मी तिला म्हटलं की या वेळी टिकली नाही, कुंकू नाही. सरांसारखं डोळे मिटून शिकतो आणि चिमटा बरोबर दुसऱ्या घरात लावतो, तू काळजी करू नकोस.

“कुठल्याही घरात लाव रे बाबा,” मुग्धा म्हणाली. “तू स्टेजवर असलास की सगळे तुझ्याकडेच बघतात. माझ्याकडे कोणाचं लक्षच नसतं, मग मला भीती वाटत नाही.”